टोमण्याने उघडणारे खाते

तालुक्याचे कागदपत्रांचे ऑनलाइन ग्रंथालय आता टोमणा मारल्यावरही उघडते. पासवर्ड, बोटाचा ठसा आणि ओटीपी या जुन्या सोयी आहेतच. त्या चालल्या नाहीत, तर घरच्या वडीलधाऱ्या माणसाने अर्जदाराला टोमणा मारायचा, म्हणजे यंत्राला ओळख पटते. जनतेची गैरसोय होऊ नये, एवढाच हेतू.

ललिता खैरमोडेला बारावीचे प्रमाणपत्र हवे होते. अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी पाच वाजेपर्यंत अर्ज द्यायचा होता. पासवर्ड नवऱ्याने ठेवला होता आणि विसरलाही त्यानेच. ओटीपी त्याच्या बंद मोबाइलवर जात होता. बोटांचे ठसे भांडी घासण्यात गेले होते. म्हणून चार वाजता तिने सासूबाईंना, अनसूयाबाईंना, रिक्षात बसवून ग्रंथालयाच्या सेवा केंद्रावर आणले.

"बोला आजी," खिडकीतल्या बोरशांनी माइक पुढे केला.

मागे रांगेत अकरा माणसे होती. अनसूयाबाईंनी पदर सावरला. "आमची ललिता म्हणजे लक्ष्मी आहे हो."

ओळख पटली नाही.

"घरी बोलता तसं बोला."

"घरी काय वेगळं बोलते मी? पुरणपोळी तर ही अशी करते..."

ओळख पटली नाही.

"अजून एकदा चुकलं की खातं सहा महिने बंद," बोरसे म्हणाले.

ललिता हळूच म्हणाली, "आई, सकाळी डबा भरताना म्हणालात तेवढंच म्हणा."

"चार लोकांत? घराण्याची अब्रू आहे काही."

बोरशांनी नियम पाहिला आणि रांगेला पाठ फिरवायला सांगितले. रांग वळली.

"चार बुकं शिकली आणि चुलीचा विसर पडला," अनसूयाबाई एका दमात म्हणाल्या.

खाते उघडले. पडद्यावर कागद आला: अनसूया खैरमोडे, सातवी उत्तीर्ण. बालवाडी शिक्षिका म्हणून नेमणूक, जून १९७२. हजर झाल्या नाहीत.

"हे माझं नाही," ललिता म्हणाली.

"टोमणा आजींच्या खात्यावर नोंदलेला आहे. त्यांच्या सासूबाईंचा," बोरसे म्हणाले. "दुसऱ्याचा चालत नाही. स्वतःचा लागतो."

अनसूयाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "हा कागद चुलीत गेला म्हणाल्या होत्या सासूबाई," त्या म्हणाल्या.

"आई, पावणेपाच झाले."

पन्नास वर्षांत स्वतःचा असा टोमणा त्यांनी रचलाच नव्हता, त्यामुळे वेळ लागला. रांग पाठमोरी थांबून होती. मग त्या ललिताकडे वळल्या.

"अर्जाचं काल सांगायला काय धाड भरली होती? मी काय खाणार होते तुला?"

खाते उघडले. ललिता प्रमाणपत्र घेऊन पळाली.

अनसूयाबाई खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. "तो जुना कागद छापून द्या. हजर व्हायची मुदत काय लिहिलीय?"

बोरशांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. "मुदत लिहिलेली नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारून कागद बाहेर सरकवला.