आत्याला कडीचा प्लग बसवल्याचे फायदे

घर किती सुधारलेले आहे, हे त्या घरात एका माणसाला दुसऱ्याला किती वेळा हाक मारावी लागते यावरून ठरते. या कसोटीवर आमचे घर परवापरवापर्यंत मागासलेले होते. कारण एकच, आत्या.

आत्या मागच्या खोलीत राहते. बोटांचे सांधे धरलेत, मुठीत जोर नाही. (याच मुठीने माझे बखोट धरून तिने मला शाळेत नेऊन घातले होते, पण त्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.) खोलीत सॉकेट एकच. शेकायच्या पिशवीचा प्लग काढल्याशिवाय किटलीचा लागत नाही, आणि तो तर भिंतीत रुतून बसलेला. मग हाक यायची, "अरे, कुणी आहे का? एवढा प्लग उपसा रे!"

प्लग उपसायला दोन सेकंद पुरतात. परंतु आत्याच्या खोलीत गेलेला माणूस दोन सेकंदांत परतल्याचे उदाहरण नाही. "टेक की जरा," ती म्हणायची. मग माझी पाठ, ऑफिसातला खडूस साहेब, बायको गेली तर तिच्या माहेरची खुशाली. घराचा बहुमोल वेळ त्या एका सॉकेटात जिरत होता.

अखेर जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. (आत्याला बोलावले नव्हते. तिच्याच हिताचा विषय असल्याने ती संकोचली असती.) हातात जोर नसलेल्यांसाठी मागे मोठी कडी असलेला प्लग मिळतो, हे आमच्या मुलीने फोनवर शोधून काढले. कडीत बोटे अडकवायची, ओढायचे, झाले. ठराव एकमताने मंजूर.

वायरमनने पिशवीला आणि किटलीला तसे प्लग बसवून दिले. आत्याने ओढताच प्लग अलगद बाहेर. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, "आत्या आता कुणावर अवलंबून नाही!" भराभर अंगठे आले. (अंगठा दाखवायला मुठीत जोर लागत नाही.)

"छान आहे रे," आत्या म्हणाली. "म्हणजे आता तुम्हाला यायला नको."

"अजिबात नको!" मी अभिमानाने सांगितले.

परिणाम अपेक्षेपेक्षा सरस निघाले. हाकांमध्ये शंभर टक्के घट. पुढे जेवणाचे ताटही दाराशीच ठेवले जाऊ लागले; स्वावलंबन एकदा अंगवळणी पडले की पसरते.

आणि एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर मागच्या खोलीत हसण्याचा आवाज. वायरमन खुर्ची ओढून बसलेला, हातात चहा.

"काय झालं? प्लग बिघडला?"

"नाही हो," तो उठत म्हणाला. "आजी फोन करतात, प्लग सैल झालाय म्हणून. मी येऊन बघतो. सैल नसतो."

"मग?"

"मग बसतो जरा."

"याच्या मुलीला पहिला दात आला," आत्याने मला बातमी दिली. तिचा चेहरा इतका उजळलेला होता, जणू दात तिलाच आला होता.

एका कुशल कामगाराचा वेळ असा वाया जावा, हे आमच्या संवेदनशील मनाला पटेना. पुन्हा बैठक. यावेळी हात लावायचीच गरज नाही अशी व्यवस्था केली: दोन सॉकेट, दोन्ही फोनवरून चालू-बंद होणारी. फोन मुलीचा, चहाच्या आणि शेकायच्या वेळाही तिनेच लावून ठेवल्या, कारण तिला त्यातले कळते. बसवायला वायरमन दुसरा आणला. अबोल.

आत्याने दोन्ही सॉकेटांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "आणि मला तुम्हाला हाक मारायची असेल तर?"

"कशासाठी?" मी विचारले.

तिने आठवून पाहिले. तिला कारण सापडले नाही. आमची योजना किती परिपूर्ण होती, याचा याहून मोठा दाखला तो कोणता!

हल्ली ओळखीपाळखीचे लोक मला आवर्जून थांबवून विचारतात. कडीचा प्लग कुठे मिळतो, वॉरंटी किती, घरपोच देतात का. मी सर्वांना सविस्तर माहिती देतो. आत्या कशी आहे, असे मात्र अजून कुणी विचारलेले नाही, त्यामुळे त्याचे उत्तर मी तयार ठेवलेले नाही. दुकानाचा पत्ता तयार आहे. आपल्या घरी मागची खोली असेल तर कळवा.