माकडाचा राजा, चार महिन्यांत

हिंदी मुलखातल्या रांझीच्या मराठी मंडळात नाटकात काम मागायला गेलेल्या माणसाला वानखेडे काका संवाद देत नाहीत. आधी त्याला माकड करतात. पंधरा दिवस सभागृहात हातापायांवर चालायचं. मग कंबर वर. मग मान. काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, वय अडुसष्ट. गणपतीतलं नाटक चाळीस मिनिटांचं, तालमी चार महिने.

“बँकेतला माणूस एकदम राजा होत नसते,” ते मला म्हणाले. मी बँकेत आहे आणि यंदा राजा आहे. “निसर्गाले लाखो वर्षं लागले. मी तं चारच महिने मागून राहिलो.”

एकदा मी टेबलाखालून रांगत असताना चौकीदार डोकावला. “भैया, कुछ गिर गया क्या?”

“पूँछ गिर रही है,” काका म्हणाले. “डिस्टर्ब मत करो.”

आम्ही वाकलेले असताना काका बोलतात. एकदा माणसाच्या अंगठ्यापासून निघाले, ते तासाभराने स्वतःच्या लग्नातल्या पंगतीत पोचले.

यंदा पुण्याहून बदली होऊन आलेली श्रुती राणी झाली. तिसऱ्याच दिवशी तिने काकांची वही मिळवून सगळे संवाद बिनचूक म्हणून दाखवले.

“काका, आठ दिवसांत बसेल नाटक! चार महिने कशाला?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तालमी शेवटच्या आठवड्यातच घ्यायच्या, असे सूर निघू लागले. काका फक्त “अच्छा” म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांची स्कूटर सुरू होईना. श्रुतीने त्यांना गाडीतून घरी सोडलं, मीही होतो. सुनेने दार उघडलं.

“पापाजी, खाना लगा दूँ?”

“हाँ बेटा, लगा दो.”

इतका मऊ आवाज आम्ही तालमीत कधी ऐकला नव्हता.

आम्हाला सोडायला काका फाटकापर्यंत आले. “पोरगी लाख चांगली आहे. पण तिले मराठी येत नाही. मुलगा, नाती, सारे हिंदीतच. काकू होती तोवर मराठीत भांडत तरी होतो. आता तालमीतच काय ते बोलतो.”

दुसऱ्या दिवशी श्रुतीला पहिलं वाक्य आठवलं नाही. दुसरंही नाही.

“काहून विसरून राहिली वं?” काका गरजले.

“राणी अंगात येत नाही, काका. गणपतीपर्यंत वेळ लागेल.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि राणीने पाणी कसं प्यावं, हे सांगायला घेतलं. तेव्हा सहा वाजले होते. आठ वाजले, तरी राणीने पेला उचललेला नव्हता.