नाकसाहेबांचं खत

खत ओतून टेम्पो गेला, तशी नाकसाहेबांनी ढिगातलं मूठभर उचलून नाकाशी धरलं. लांब श्वास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "अजिबात वास नाही. पूर्ण कुजलेलं आहे!"

साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं सुगंध तपासून ते निवृत्त झाले होते. कुणाचं दूध नासलंय, कुठे गॅस गळतोय, सगळ्याचा निवाडा गल्ली त्यांच्याकडूनच करून घेई. आता त्यांना अंगणातल्या चिकणमातीत गुलाब लावायचे होते. ही माती ओली असली की चपलेला सोडत नसे आणि वाळली की कुदळीला दाद देत नसे. पुस्तकात लिहिलं होतं, दोन फूट खणा, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, मगच रोपं लावा. कुजल्याची खूण म्हणजे त्याला घाण वास येत नाही.

अडचण एवढीच, की गेली तीन वर्षं नाकसाहेबांना कशाचाच वास येत नव्हता. एका लांबलेल्या सर्दीनं घात केला होता आणि ही गोष्ट त्यांनी बायकोपासूनसुद्धा लपवली होती. नाक गेल्यावर नुसत्या साहेबाला कोण विचारणार, या विचारानं त्यांचा जीव अर्धा होई.

"अहो, कसली घाण सुटलीये!" बायको नाकाला रुमाल लावून बाहेर आली.

"खताची नाही. मी स्वतः हुंगलंय."

"मग ड्रेनेज फुटलं असेल. पाइप या वाफ्याखालूनच जातो ना?"

"अगदी! तिथूनच येतोय वास," साहेब घाईघाईनं म्हणाले.

शेजारच्या शिंपीणबाईंनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. बायकोनं बोलावलेला प्लंबर आला. दुपारभर खणून त्यानं पाइप उघडा केला.

"साहेब, पाइप ठणठणीत आहे."

"जरा पुढे बघा," बायको म्हणाली. "आणि त्या कोपऱ्यातही."

संध्याकाळपर्यंत अख्खा वाफा दोन फूट खणून झाला. प्लंबर दमून ढिगावर टेकला आणि ताडकन उठला. "अहो, हे तर गरम लागतंय! ताजं शेण आहे हे. रोपं लावलीत तर मुळं जळतील. पाच-सहा महिने झाकून कुजवा आधी."

शिंपीणबाई खिडकी उघडून ऐकतच होत्या. "काय हो नाकसाहेब?"

साहेबांना धरणी दुभंगावी असं झालं.

"सर्दी झालीये त्यांना सकाळपासून," बायको पटकन म्हणाली. "आज खत घेऊ नका म्हणत होते मी."

सगळे गेल्यावर साहेब स्वयंपाकघरात येऊन खाली मान घालून बसले. "अगं, ती सर्दी आजची नाही. मला वासच..."

"तीन वर्षं झाली. माहितीये मला."

"मग प्लंबर कशाला बोलावलास?"

"ती माती कोण खणणार होतं? तुम्ही?"

साहेबांनी मान वर केली. "पण इतके दिवस बोलली का नाहीस?"

"रोज इथे डोकावून 'काय वास सुटलाय!' म्हणता. ते बंद झालं असतं ना."

साहेब उठले. त्यांनी शेगडीवरच्या झाकलेल्या पातेल्याकडे पाहिलं, भरभरून श्वास घेतला आणि म्हणाले, "काय वास सुटलाय!"

"गॅस पेटवायचाय अजून," बायको म्हणाली.