मुक्काम माळमड्डी

तुंगक्का आधी स्टेशनवर जात आणि कुठे जायचे ते तिथे ठरवीत. लोंढ्याकडची गाडी आधी आली तर बेळगाव किंवा गोवे; हुबळीकडची आली तर बदामी, हंपी, नाहीतर डब्यात ज्या बाईशी ओळख होईल तिचे गाव. तिकीटबाबूने "कुठलं देऊ?" असे विचारले की त्या उलट विचारीत, "आता कुठली येतीय?" तिकीट गावाचे असते, गाडीचे नसते, असे त्याने एकदा त्यांना समजावून सांगितले.

"इरली बिडरी," तुंगक्का म्हणाल्या. "गाडी शेवटी गावालाच जाते ना?"

'इरली बिडरी', म्हणजे 'असू द्या हो', हा त्यांचा अंतिम निकाल होता. त्यावर अपील नव्हते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच्या वर्षांतली ही हकीकत आहे. मी शाळेतून निवृत्त होऊन धारवाडला माळमड्डीत राहत होतो. शेजारच्या दोन खोल्या तुंगक्कांच्या. वय साठीचे. यजमान, व्यंकटराव, जंगलखात्यात रेंजर होते. ते वारून पुष्कळ वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. नवऱ्यामागे त्यांना दोन खोल्या, थोडे पेन्शन आणि रेंजरसाहेबांचे बूट एवढे मिळाले. तिन्हींचा त्यांनी पूर्ण उपयोग केला. नऊवारी लुगडे, हातात छत्री आणि पायात ते जाड तळव्यांचे बूट अशा थाटात त्या बाजारात निघाल्या की अनोळखी माणसे रस्ता सोडीत. ओळखीची त्याहून लवकर सोडीत.

केस त्यांनी राखले होते. त्याबद्दल चार शब्द सांगायला आलेल्या एका भटजींना त्यांनी विचारले, "तुमचं कुटुंब वारलं, तेव्हा तुम्ही काय उतरवलंत?" भटजींनी वर्षाच्या आत दुसरे लग्न केले होते. ते पाणीही न पिता उठले.

दोन प्रवासांच्या मधल्या काळात तुंगक्का शिकत. काय, याला महत्त्व नव्हते. बायकांच्या समाजात जो वर्ग निघेल त्यात त्या जाऊन बसत. शिवणाच्या वर्गात त्यांनी एका झंपराला एकच बाही लावली आणि दुसरी येईपर्यंत गाडीची वेळ झाली. गाण्याच्या वर्गात बुवा म्हणाले, "अक्का, तुमचा गळा या विद्येचा नाही." "गळा माझा आहे," त्या म्हणाल्या, "कान तुमचे आहेत. ज्याचं त्यानं सांभाळावं." प्रथमोपचाराच्या वर्गात मात्र त्यांचे मन रमले. सरावासाठी डोके हवे म्हणून त्यांनी माझे घेतले. कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या बांधून झाल्यावर गाठ सोडण्याचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, असे त्यांनी मला सांगितले. मी त्याच स्थितीत दार उघडले. पोस्टमनने टोपी काढली आणि माझ्या हाती टपाल देत हळूच विचारले, "मास्तर गेले काय हो? कधी?"

ही विद्या त्या बायकांच्या दवाखान्यात फुकट वाटीत. तिथल्या नर्सबाईंशी त्यांचे रोज भांडण होई, कारण वॉर्डच्या खिडक्या बंद ठेवण्याचा नियम होता आणि तुंगक्का आल्याबरोबर त्या उघडीत. "हवेनं कुणी मेलेलं मला दाखवा. औषधानं मेलेले मी दाखवते." नर्सबाई त्यांना येऊ नका म्हणून बजावीत. त्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जात.

माघ संपला की मात्र त्यांचे स्टेशनकडे पाऊल वळत नसे. "वसंतात गाव सोडायचं म्हणजे वाढल्या ताटावरून उठायचं," असे त्या म्हणत. पहाटे माझ्या दारावर छत्रीची मूठ वाजे.

"मास्तर, रायापूरच्या वाटेला पळस पेटलाय. चला."

"गेल्या वर्षी पाहिला."

"गेल्या वर्षी जेवलात म्हणून यंदा उपास करता काय?"

मी जात असे. भांडण्यापेक्षा चालणे सोपे होते. त्या पुढे, मी मागे. सावरीची फुले ओच्यात वेचीत, आंब्याचा मोहोर हुंगून शिंकत, पांगाऱ्यावर भांडणाऱ्या मैनांना कानडीतून दम देत त्या मैलन्‌मैल जात. निसर्गाचे त्यांनी कधी वर्णन केले नाही. त्या फक्त हजेरी लावून येत.

त्या फाल्गुनात एका टेकाडावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला. मी मदतीला वाकलो, तर म्हणाल्या, "हात लावू नका, परीक्षा माझी आहे," आणि स्वतःच्या पायाला स्वतः पट्टी बांधून, छत्री टेकीत घरी आल्या. पण बातमी हुबळीला पोचली आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या नरहरी आला.

नरहरीचे हुबळीत कापडाचे दुकान होते आणि केशवापुरात नवे घर. माणूस सज्जन. त्याने आधी माझ्याकडे बसून सांगितले, "मास्तर, काकूला आता घेऊन जातो. कायमचं. एकटी पडली, दोन दिवस कुणाला कळलं नाही, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. इथल्या खोल्या भाड्यानं देऊ. तुम्ही तिला सांगा. तुमचं ऐकेल ती."

त्या माझे ऐकत नसत. पण त्याचे म्हणणे मला रास्त वाटले आणि मी ते तुंगक्कांना तसेच सांगितले.

"म्हणजे तुम्ही फितूर," त्या म्हणाल्या. "बरं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यानं बोलावलंय. जाऊन खोली बघते. आवडली तर राहीन. तुम्ही बरोबर चला. माझ्या तोंडी कुणी नसती कबुली घालायला नको."

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही हुबळीला गेलो. नरहरीच्या घरी गौर झोपाळ्यात बसली होती, पुढे कलिंगडाची कमळे कापून मांडली होती. तुंगक्का थेट स्वयंपाकघरात शिरल्या. आंबेडाळ त्यांनी वाटली, पन्हे त्यांनी केले. नरहरीची बायको लीला मनाने गरीब होती. तिने त्यांना त्यांची खोली हौसेने दाखवली. स्वयंपाकघरामागे होती. स्वच्छ होती.

चार वाजता बायका येऊ लागल्या. मी आणि नरहरी ओसरीवर होतो. दाराशी नाजूक चपलांची रांग लागली होती आणि त्यांच्या मधोमध रेंजरसाहेबांचे बूट होते. येणारी प्रत्येक बाई ते पाहून दबकत होती आणि पदर सावरून विचारीत होती, "आत कुणी साहेब आलेत काय?"

तेवढ्यात आतून लीलाचा खालच्या पट्टीतला आवाज आला. "काकू, आता बायका बसतायत. तुम्ही मागच्या खोलीत बसता का जरा? तिथंच ताट आणून देते."

विधवेने हळदीकुंकवाच्या वेळी समोर यायचे नाही, ही रीत. लीलाने ती केलेली नव्हती. ती फक्त सांगत होती.

तुंगक्का पन्ह्याची कळशी कमरेवर घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. सगळी कुजबुज थांबली.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "कुंकवाला मी हात लावत नाही. लीला लावेल. पण हे पन्हं मी केलंय आणि केलेलं मी माझ्या हातानं देणार. ज्यांना नको त्यांनी तहान घरी न्यावी."

दोघीतिघींनी पेले मागे सारले. एक जण उठून उभी राहिली. तुंगक्का तिच्यासमोर कळशी घेऊन थांबल्या. वाटेतून हटल्याही नाहीत, बोलल्याही नाहीत. उन्हाळा हुबळीचा होता. शेवटी कोपऱ्यातल्या एका पिकल्या सुवासिनीने पेला पुढे केला, एका घोटात संपवला आणि म्हणाली, "वेलदोडा जास्त पडलाय, तुंगी. पण वाढ आणखी."

कळशी रिकामी झाली. जी उभी राहिली होती तिनेही घेतले, पण उभ्यानेच.

तुंगक्का बाहेर आल्या आणि बुटांत पाय घालू लागल्या. नरहरीचा चेहरा उतरला होता.

"खोली बघितली रे. खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते."

"दुसरीकडे फोडून घेऊ, काकू."

"खिडकी फोडशील. लीलानं मला आत बसवायचं, ती रीत कुठून फोडशील? मी येणार नाही, नरहरी."

नरहरी रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मग उद्या घरात पडलीस, तर कोण आहे ग तुला? मास्तरांना तरी कसं कळणार, तू गावाला गेलीस का आत पडलीयस ते?"

तुंगक्कांनी बुटाची नाडी बांधली. 'इरली बिडरी' म्हणाल्या नाहीत.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. बाहेर बहावा पिवळा झाला होता. त्यांनी तो मला दाखवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या,

"त्यानं विचारलं ते खरं आहे. मला उत्तर आलं नाही."

मग त्याच पुढे म्हणाल्या,

"गाडीत बसलं की कुणीतरी विचारतं, 'अक्का, कुठं निघालात?' म्हणून बसते. नाहीतर मला हंपीत काय ठेवलंय? आणि ते वर्ग. शिवण मला येत नाही, गाणं येत नाही, मला काय कळत नाही होय? पण तिथं सुरुवातीला हजेरी घेतात, मास्तर. पूर्ण नाव वाचतात. ह्यांच्या नावासकट. मी हजर म्हणते. घरी मला नावानं हाक मारणारं कोण आहे?" आणि लगेच आवाज चढवून, "ह्यातलं नरहरीला काही सांगायचं नाही. तो रडत बसेल."

मी बरे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध आल्यावर, मी माझ्या ओट्यावर उभा राहिलो. शाळेत काढीत असे तो आवाज काढून, समोरच्या भिंतीकडे पाहत मी नाव घेतले.

"तुंगाबाई व्यंकटराव कुलकर्णी."

आत भांडी वाजत होती, ती थांबली. रस्त्यावरचा दूधवाला वळून पाहू लागला. उत्तर यायला वेळ लागला. गैरहजेरी मांडावी इतका नव्हे.

"हजर," आतून आले.

मी घरात गेलो. हजेरीनंतर बोलत उभे राहण्याची माझ्या वर्गात पद्धत नव्हती.