हुकूम ढोलाचा

उस्मानभाईंना एका जागी उभं राहून क्लारनेट वाजवता येत नसे. आमच्या कोल्हारच्या बँडात मी ढोल वाजवायचो आणि ते माझ्या पुढं असत. ठोका पडला की त्यांचा पाय उचललाच! मी जलद वाजवलं की ते नवरदेवाच्या घोड्यालाही मागं टाकत. चिडवलं तर म्हणायचे, "पाय माजं हायेत शंकरराव, पन हुकूम ढोलाचा!"

बरं, ढोलच हवा असंही नाही. दळण आणायला गेले की गिरणीच्या इंजिनाच्या ठेक्यावर इतके तरातरा घरी परतत, की पीठ तिथंच राहायचं. मग भाभी, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून स्वतः निघायच्या.

एकदा तर कहरच झाला. लढाईचे दिवस होते, साखर मिळत नव्हती, पण लग्नं कुठं थांबतात? भर पेठेत समोरून दुसरी वरात आली. त्यांचा ठेका उडता, आमचा संथ. गर्दी पांगली तेव्हा आमचं क्लारनेट गायब! शोधत गेलो, तर भाई त्या दुसऱ्याच मांडवात पंगतीला बसलेले, पानात गुळाची लापशी. इकडं आमचा नवरदेव घोड्यावर ताटकळत होता.

पुढच्या लग्नाला त्यांनी कानांत कापसाचे बोळे घातले. पाय जागेवर राहिले खरे, पण बोटंही अडली. "ऐकूच येईना, तर बोटांनी जायाचं कुटं?" असं उलट मलाच विचारू लागले. तेव्हापासून समोरून वरात दिसली की मी त्यांच्या कानाशी ढोल बडवायचो. हा माणूस म्हणजे चावीचं खेळणं आहे, असं गावभर सांगतही फिरायचो. मला त्याची भारी मजा वाटे.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, जैबूचं लग्न झालं, राहुरीला दिली. भाई म्हणाले, "पोरीला वाजवत वेशीपातुर न्यायचं. आपल्या लेकीला दुसऱ्याचा बाजा कशाला?"

भाभींनी मला हळूच बाजूला घेतलं. "भाऊ, वेशीत ढोल बंद करा. न्हाईतर ह्ये गाडीमागं पार राहुरीला जातील. व्याही हसतील, पोरीला मान खाली घालावी लागंल." मी शब्द दिला.

बैलगाडी निघाली. मागून भाई वाजवत होते, कधी नव्हे इतकं गोड. जैबू ओढणीआडून बापाकडं एकटक बघत होती. वेस आली आणि मी हात आवरला. सगळा बँड गप्प झाला. भाईंनी क्लारनेट खाली घेतलं. सुटलो बुवा, असं मला वाटलं.

पण भाई चालतच होते. एक पाऊल लांब, एक आखूड, कशाचा कशाला मेळ नाही. त्यांना असं बेताल चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. धावत जाऊन मी त्यांचा दंड धरला.

"भाई, ढोल थांबला."

"ऐकलं की," ते म्हणाले.

मी दंड सोडला नाही, पण मागंही ओढलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच चालत राहिलो.