कधी पास, कधी फेल

आमच्या माडीवर राहणारा प्रफुल्ल दारावरची घंटा वाजवतो. मी दार उघडतो, तर आत येत नाही. "काका, दार लावून घ्या," म्हणतो आणि पुन्हा वाजवतो.

"अरे, वाजली ना!"

"एकदा वाजली म्हणजे वाजते, असं थोडी असते?"

शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो. नाना तऱ्हेची पोरं पाहिली, पण हे पोरगं मला अजून कळलेलं नाही. मूळचा जवळच्याच लालबर्र्याकडचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि काम करतो इथं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आमच्या माडीवर बसून. लाइट लावला की बंद करून पुन्हा लावतो. ऑटोवाल्याला "स्टेशन चलोगे?" विचारतो, तो हो म्हणतो, तर हा "पक्का?" म्हणून पुन्हा विचारतो. ऑटोवाला वैतागून निघून गेलेला मी स्वतः पाहिलाय.

एका दुपारी तो धावतच खाली आला. चेहरा फुललेला. "काका, फेल झाली! फेल झाली!"

मला वाटलं, त्याची धाकटी बहीण परीक्षेत नापास झाली आणि पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. पाठीवर हात ठेवून म्हटलं, "असू दे रे. पुढच्या वेळी होईल पास."

"तेच तर दुखणं हाय, काका! पास होऊन जाते!"

माझी बायको कुसुम घाईघाईनं पाण्याचा गिलास घेऊन आली.

मग त्यानं समजावलं. कंपनीचा प्रोग्राम नीट चालतो की नाही, हे मशीनच रोज तपासतं. त्यातली एक तपासणी कधी पास होते, कधी फेल. मध्ये कोणी कशाला हातही लावलेला नसतो. साहेब म्हणतात, फेल झाली तर पुन्हा चालव, पास झाली की विषय संपला.

"मग तसं कर ना," मी म्हटलं.

"काका, एखादं पोरगं एकदा म्हणते राजधानी दिल्ली, एकदा म्हणते आपली इथली कटंगी. त्याले पास करान तुम्ही?"

"पोरगं कोणाचं आहे, त्यावर अवलंबून."

हे त्याला कळलं नाही. त्याचं मला कळलं नव्हतं. दोघंही गोंधळलेलेच जेवलो.

मग शोध सुरू झाला. वीज गेली की होतं का, इंटरनेट मंदावलं की होतं का. एकदा तर कुसुमला म्हणाला, "काकू, थोडा वेळ चटणी नका वाटू. मिक्सर बंद ठेवा."

"तुझं ते मशीन इथं हाय का?"

"नाही, बंगलोरले हाय."

"मग माझ्या चटणीनं त्याले काय होते?"

"काही नाही होत. पण काही नाही होत, हे पाहा लागते नं!"

शेवटी कारणाची शेपटी हाती लागली. त्या प्रोग्रामात दोन कामं एकदम सुटत होती. पहिलं नेहमी आधी पोचायचं. क्वचित दुसरं आधी पोचलं की तपासणी फेल. "कोण आधी येईन, हे कोणी ठरवलंच नाही, काका. रोज येते म्हणून धरून चालले." आता ते घडताना पकडायचं बाकी होतं.

त्याच दिवसांत कुसुम ओट्यापाशी कोसळली. क्षणभरच. उठली आणि पोळ्या लाटायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ठीक निघाली. मी हुश्श करून प्रफुल्लला सांगितलं.

"काकू पडल्या तवा मशीन लावली होती का?"

"तेव्हा कशी असेल? दुसऱ्या दिवशी लावली."

"मंग मशीननं काय पाह्यलं?"

तो कुसुमसमोर बसला. उभं राहिल्यावर होते का? आधी घाम येते का? याआधी कधी? ती चिडली. "मले काही नाही झालं! उन्हाचं झालं ते."

"माझी मायबी हेच म्हणे," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "घरी चक्कर येऊन पडे, दवाखान्यात नेलं का चांगली. मंग मीबी म्हणलं, माय, मनाचा वहम हाय तुले. मले पुण्याची बस पकडायची होती. तिकडं पोचलो आणि फोन आला."

कुसुमनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुठं जायचं, सांग."

नागपूरला गेलो. तिथं तिच्या छातीवर एक लहानशी डबी चिकटवली, दिवसरात्र ठोके टिपणारी. तिच्यात सापडलं. हृदय मध्येच थांबत होतं आणि पुन्हा चालू होत होतं. पेसमेकर बसवावा लागला.

प्रफुल्ल सगळा वेळ आमच्यासोबत होता. ऑपरेशन चालू असताना पुण्याहून फोन आला. साहेबांनी ती तपासणीच काढून टाकली होती. मला वाटलं, आता हा भांडणार. "ठीक हाय सर, आल्यावर बोलतो," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. कुसुमनं डोळे उघडले, आधी मला पाहिलं, मग त्याला. त्याचं तोंड सुकलेलं दिसलं असणार.

"जेवला काहून नाही रे?"

"जेवतो नं, माय."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो घाईनं "काकू" म्हणायला गेला, पण कुसुमनं सुई नसलेला हात पुढे करून त्याचं मनगट धरलं होतं. "जा मग," ती म्हणाली, आणि सोडलं मात्र नाही.