हरकतीचे वकील

"हरकत आहे, अध्यक्ष महोदय! माझी तीव्र हरकत आहे!"

सकाळी साडेपाचला, इथे आखातात, मनामाच्या नईम वस्तीतल्या गल्लीत, सुर्वे वकील काळा कोट घालून आमच्या कंपनीच्या बसला आडवे उभे होते. अध्यक्ष महोदय म्हणजे ड्रायव्हर गुलखान. त्याच्या हिंदीत हरकत म्हणजे चाळे. बिचाऱ्यानं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "साब, हमने कौनसी हरकत की?"

वकील आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एके काळी कोकणातले आमदार, आता मुलाच्या व्हिसावर नुसते आजोबा. आवाज असा, की त्यांनी 'सन्माननीय' म्हटलं की तिकडे सौदीला जाणाऱ्या पुलावर गाड्या ब्रेक मारतात. आमटी अळणी झाली की सुनेवर स्थगन प्रस्ताव येतो. एकदा लिफ्ट अडकली, तर आतल्या चौघांची त्यांनी तिथल्या तिथे समिती नेमली. दार उघडल्यावरही अहवाल अपुरा आहे म्हणून कुणाला बाहेर सोडेनात.

त्या दिवशीचं प्रकरण इस्माईलचं होतं. माझ्याच शिफ्टमधला, म्हसळ्याचा वेल्डर. गावी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि सुपरवायझर म्हणत होता, सित्र्याच्या साइटचं काम संपलं की लीव्ह, इंशाल्ला. मी हे आदल्या दिवशी जिन्यात वकिलांना सहज बोललो, हीच माझी चूक.

मागे गाड्यांची रांग लागली. कुणी म्हणतं हमरस्त्यापर्यंत, मी म्हणतो विमानतळापर्यंत. शेवटी पुढच्या सीटवरचा सुपरवायझर खाली उतरला. वकिलांनी त्याला चाळीस मिनिटं कायदा ऐकवला. कुठल्या देशाचा, ते देव जाणे. "खलास, बाबा, खलास," म्हणत त्यानं बसच्या पत्र्यावर कागद टेकवून लीव्हच्या अर्जावर सही केली. अर्ज वकिलांच्याच खिशात तयार होता, तीन प्रतींत.

इस्माईल त्याच दिवशी निघाला. आईनं त्याला ओळखलं, दोन दिवस हात सोडला नाही, मग गेली.

त्याचा फोन आला तसा मी वर सांगायला गेलो. वकील गॅलरीत कोट झटकत होते. ऐकून त्यांनी कोट दोरीवर टाकला.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, ना नात्याचा ना गोत्याचा. त्याच्यासाठी एवढा घसा का फोडलात?"

ते बोलले ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं.

"माझी आई गेली तेव्हा मी सभागृहात बोलत होतो. घरून चिठ्ठी आली होती. भाषण संपवून वाचली."